सारख्या दिसणाऱ्या कांजी आणि शब्दांत सांगता येणारा फरक

जपानी शिकताना पहिल्या शंभर-दीडशे कांजी, म्हणजे जपानी लेखनातली चिनी मुळाची चिन्हे, बहुतेकांना सुखाने येतात. डोंगर, नदी, झाड, तोंड, डोळा यांच्या चिन्हांचे आकार एकमेकांपासून पुरेसे वेगळे असतात आणि नजर त्यांना सहज ओळखते. अडचण त्यापुढे सुरू होते. जपान सरकारने २०१० मध्ये सुधारलेल्या जोयो कांजींच्या, म्हणजे नित्यवापरातील कांजींच्या यादीत २१३६ चिन्हे आहेत आणि त्यांपैकी १०२६ प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांतच शिकवली जातात. ही चिन्हे बव्हंशी त्याच त्या घटकांच्या जुळणीतून तयार झालेली असल्यामुळे, संख्या वाढत जाते तशी एकमेकींसारख्या दिसणाऱ्या कांजींची गर्दीही वाढते, आणि काल पक्की वाटलेली कांजी आज तिच्या जुळ्या बहिणीशेजारी उभी राहिली की अनोळखी वाटू लागते.

या गोंधळावर ‘अधिक पाठांतर करा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पुरेसा वाटत नाही. माझ्या मते दोन कांजींमधला फरक आपल्याला एका वाक्यात, तोंडाने, कागदाकडे न पाहता सांगता आला तरच तो टिकतो, आणि तो सांगता येत नसेल तर चिन्ह कितीही वेळा नजरेखालून गेले तरी खरी ओळख झालेली नसते. म्हणूनच या लेखात मी जाणीवपूर्वक एकही कांजी छापलेली नाही. प्रत्येक कांजीचे वर्णन मराठीत केले आहे, आणि वाचकाने कागद-पेन्सिल घेऊन त्या वर्णनावरून ती स्वतः काढून पाहावी अशी माझी मनापासून विनंती आहे. वर्णनावरून कांजी काढता येणे हाच या अभ्यासाचा गाभा आहे.

हा गोंधळ नवशिक्यांचाच आहे असे मात्र कोणी समजू नये. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकातील एका चिनी ग्रंथात कन्फ्यूशियसचा शिष्य झी-शिया याची एक गोष्ट येते. प्रवासात त्याला कोणीतरी इतिहासाची नोंद वाचताना ऐकू आले : ‘जिनचे सैन्य, तीन डुकरे, नदी ओलांडून गेले.’ झी-शियाने लगेच सांगितले की इथे तीन डुकरे नसून जी-हाई या नावाचा दिवस असला पाहिजे, कारण ‘जी’चे चिन्ह ‘तीन’च्या चिन्हासारखे आणि ‘हाई’चे चिन्ह डुकराच्या चिन्हासारखे दिसते. पुढे चौकशी केली तेव्हा सैन्याने त्या दिवशीच नदी ओलांडली होती असे निघाले. जपानीत आजही अशा चुकीला ‘रोग्यो नो आयामारि’ म्हणतात. ‘रो’ हे एका प्राचीन राज्याचे नाव आणि ‘ग्यो’ म्हणजे मासा, आणि पहिल्या चिन्हाचा वरचा भाग म्हणजे हुबेहूब दुसरे चिन्ह. झी-शियाने ती चूक पकडली कशी, हे मला फार महत्त्वाचे वाटते. नेमकी कोणती दोन चिन्हे कोणत्या दोन चिन्हांसारखी दिसतात हे त्याला शब्दांत सांगता येत होते, म्हणूनच तो ते वाक्य दुरुस्त करू शकला.

आपल्याला देवनागरीत घ आणि ध किंवा म आणि भ यांची अडचण का येत नाही, याचा विचार करून पाहावा. ‘ध’ची आणि ‘भ’ची शिरोरेघ तोडायची असते, ‘घ’ची आणि ‘म’ची सलग ओढायची असते, हे पाटीवर गिरवतानाच आपल्याला बजावलेले असते. तो फरक नजरेने शोधण्याची वेळ आपल्यावर आलीच नाही, कारण तो आधी कानावर पडला आणि मग हाताने उमटला. कांजीच्या बाबतीत मोठ्या वयाचे विद्यार्थी नेमका हाच टप्पा गाळतात आणि थेट ओळखण्याकडे वळतात.

सांगता येण्याजोग्या फरकांमध्ये सर्वांत उपयोगी फरक माझ्या अनुभवात एकच आहे : एखादी रेघ दुसरीला ओलांडून पलीकडे जाते की तिला टेकून थांबते? ‘उशि’, म्हणजे गाय, आणि ‘गो’, म्हणजे ‘गोझेन’ किंवा ‘गोगो’ या शब्दांतला माध्यान्ह, या दोन्हींमध्ये दोन आडव्या रेघा, एक उभी रेघ आणि वर डावीकडे एक छोटी तिरपी रेघ असते. उभी रेघ वरच्या आडव्या रेघेतून डोके वर काढत असेल तर ती गाय, आणि वरच्या रेघेला खालून टेकून थांबत असेल तर माध्यान्ह. ‘या’ म्हणजे बाण आणि ‘उशिनाउ’ म्हणजे गमावणे यांचेही तसेच आहे. बाणात तिरपी रेघ वरच्या आडव्या रेघेपाशीच सुरू होते, गमावण्यात ती वर निघून जाते. ‘तेन’ म्हणजे आकाश आणि ‘ओत्तो’ म्हणजे पती, ‘काताना’ म्हणजे तलवार आणि ‘चिकारा’ म्हणजे बळ, ‘इशि’ म्हणजे दगड आणि ‘मिगि’ म्हणजे उजवा, या साऱ्या जोड्या याच एका प्रश्नाने सुटतात : आकाश, तलवार आणि दगड यांत रेघ आत राहते, तर पती, बळ आणि उजवा यांत ती बाहेर येते.

याच प्रश्नाचे मला सर्वांत आवडणारे रूप शेताच्या कांजीत आहे. चौकोन आणि त्यात अधिक चिन्हासारख्या दोन रेघा म्हणजे ‘ता’, शेत. त्यातली उभी रेघ वर बाहेर काढली की ‘यू’ होते, जे ‘जियू’ म्हणजे स्वातंत्र्य आणि ‘रियू’ म्हणजे कारण या शब्दांत भेटते. ती खाली बाहेर काढली की ‘को’, म्हणजे कवच, आणि दोन्हीकडे बाहेर काढली की ‘मोसु’, म्हणजे नम्रपणे सांगणे. या चौघांना वेगळे ओळखता येण्याचा लाभ इथेच संपत नाही. डावीकडे पाण्याचे अंग, म्हणजे पाण्याचा अर्थ देणारा घटक, आणि उजवीकडे वर रेघ काढलेले शेत म्हणजे ‘आबुरा’, तेल. कांजीला बहुधा एक जपानी आणि एक चिनीतून आलेला असे उच्चार असतात, आणि तेलाचा चिनी वळणाचा उच्चार पुन्हा ‘यु’ असाच आहे. दोन्हीकडे रेघ काढलेले शेत देवाच्या कांजीत उजवीकडे बसते आणि तिला ‘शिन’ हा आपला उच्चार देते. लहान चिन्हात साधलेली स्पष्टता अशी मोठ्या चिन्हांत कामी येते.

दुसरा प्रश्न लांबीचा. मध्ये एक उभी रेघ आणि तिला छेदणारी वर एक व पायाशी एक अशा दोन आडव्या रेघा. खालची लांब असेल तर ‘त्सुचि’, माती. वरची लांब असेल तर ‘शि’, जे ‘बुशि’ म्हणजे योद्धा आणि ‘बेंगोशि’ म्हणजे वकील या शब्दांत येते. झाडाच्या चिन्हाच्या वरच्या भागात एक आडवी रेघ वाढवली की अशीच आणखी एक जोडी तयार होते. वाढवलेली रेघ झाडाच्या मूळ आडव्या रेघेपेक्षा लांब असेल तर ‘सुए’ म्हणजे शेवट, तीच आखूड असेल तर ‘मि’ म्हणजे ‘अजून नाही’. ‘शूमात्सु’ हा आठवड्याचा शेवट पहिल्या चिन्हाने लिहितात, आणि ‘मिराई’ म्हणजे अजून न आलेला काळ दुसऱ्याने. इथे चिन्हाची उपपत्ती स्मरणाला मदत करते. झाडाच्या शेंड्यावर ठळक खूण करून ‘टोक’ दाखवले, म्हणून ती रेघ लांब, आणि झाडाच्या बुंध्याशी आखूड रेघ मारून ‘मूळ’ दाखवले, ती ‘होन’ ही कांजी, जी ‘निहोन’ या देशनामातही आहे. सगळ्याच कांजींना अशी खात्रीची उपपत्ती मिळत नाही. मिळेल तिथे ती जरूर घ्यावी, न मिळाल्यास ओढूनताणून रचलेल्या कथेपेक्षा रेघेचे साधे वर्णन मला अधिक विश्वासाचे वाटते.

इथे एक सावधगिरी आवश्यक आहे. प्रत्येक फरक हा अर्थाचा फरक नसतो. छापील मिंचो वळण, जाड एकसारख्या रेघांचे गोथिक वळण आणि शाळेच्या पुस्तकांतले हस्ताक्षराजवळचे वळण यांत एकच कांजी वेगवेगळी दिसते, आणि नवशिक्या नसलेल्या फरकावर डोके शिणवत बसतो. जपानच्या सांस्कृतिक व्यवहार खात्याकडून २०१६ मध्ये या विषयावर सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. झाडाच्या उभ्या रेघेच्या टोकाला आकडा दिला काय किंवा न दिला काय, दोन्ही रूपे योग्य. आकाशाच्या कांजीत वरची आडवी रेघ लांब असो वा खालची, दोन्ही योग्य. असे त्यांत स्पष्ट केले आहे. माती आणि योद्धा यांच्या बाबतीत मात्र लांबी बदलली की कांजीच बदलते. त्यामुळे ‘लांबी महत्त्वाची’ असा सरसकट नियम करता येत नाही. लांबी बदलल्यावर दुसरीच एखादी कांजी तयार होते का, हे आधी पाहावे. होत असेल तरच तो फरक वहीत उतरवण्याच्या योग्यतेचा.

रेघांनंतर येतात अंगे. कांजीच्या अंगांना जपानीत बुशु म्हणतात आणि त्यांना रीतसर नावे आहेत. डावीकडचे ते हेन, उजवीकडचे त्सुकुरि, डोक्यावरचे कांमुरि, पायाशी असलेले आशि, वरून डावीकडे उतरणारे तारे, डावीकडून खाली वळणारे न्यो आणि वेढणारे कामाए. ही नावे पाठ करणे अनेकांना अनावश्यक पंडिती वाटते. माझे मत नेमके उलट आहे, कारण नाव नसलेल्या तुकड्याचे वर्णन करता येत नाही. ‘शिमेसुहेन’ आणि ‘कोरोमोहेन’ या दोन अंगांत एकाच छोट्या फटकाऱ्याचा फरक आहे. पहिले चार रेघांचे, देवाधर्माशी जोडलेले. दुसरे पाच रेघांचे, कपड्याशी जोडलेले. देव, देऊळ, प्रार्थना, शुभेच्छा, कल्याण या अर्थांच्या कांजी चार रेघांच्या अंगाने सुरू होतात. आरंभ, ठिगळ लावून भरून काढणे, दुहेरी असणे या पाच रेघांच्या. ‘आरंभ’ या कांजीत कपड्याचे अंग का, तर शेजारी तलवारीचे चिन्ह आहे आणि कापड बेतण्याची सुरुवात कापण्याने होते. एवढे एकदा नीट समजले की तो जादा फटकारा विसरत नाही.

‘सान्झुइ’ म्हणजे पाण्याचे तीन थेंब आणि ‘निसुइ’ म्हणजे बर्फाचे दोन थेंब, हाही फरक असाच अर्थासकट धरावा : थंडगार असणे आणि गोठणे यांच्या कांजींत दोनच थेंब असतात. एकच आकार डावीकडे आला की ‘कोझातोहेन’ आणि उजवीकडे आला की ‘ओझातो’ होतो, आणि त्यांचे मूळही वेगळे आहे. डावीकडे तो टेकडीचा, म्हणून जिना, संरक्षण, भूभाग अशा कांजींत. उजवीकडे तो वस्तीचा, म्हणून राजधानी आणि जिल्हा यांत. हाताचे अंग आणि झाडाचे अंग यांची गल्लत तर रोजचीच. उजवीकडे कुऱ्हाडीचे चिन्ह कायम ठेवून डावीकडे हात असेल तर ‘ओरु’ म्हणजे मोडणे किंवा घडी घालणे, झाड असेल तर ‘बुंसेकि’ म्हणजे विश्लेषण या शब्दातले ‘सेकि’, आणि देवाचे अंग असेल तर ‘इनोरु’ म्हणजे प्रार्थना करणे.

उजवा भाग समान आणि डावे अंग वेगळे अशा कुटुंबांमध्ये उच्चार हा मोठा आधार असतो. कांजींपैकी बहुसंख्य अशाच रीतीने घडल्या आहेत : एक भाग अर्थाकडे बोट दाखवतो, दुसरा उच्चाराकडे. ‘केन’ कुटुंब पाहा. टेकडीचे अंग लावले की ‘किकेन’ म्हणजे धोका या शब्दातले ‘केन’, कारण उंच कडा धोक्याचा; झाडाचे लावले की ‘केंसा’ म्हणजे तपासणी; घोड्याचे लावले की ‘शिकेन’ म्हणजे परीक्षा; माणसाचे लावले की काटकसर; आणि उजवीकडे तलवारीचे अंग लावले की खड्ग. पाचही ठिकाणी उच्चार ‘केन’च. अशा कुटुंबात उजव्या भागाकडे टक लावण्यात अर्थ नाही, नजर बदलणाऱ्या अंगाकडेच गेली पाहिजे. मात्र हा आधार सर्वत्र सारखाच भक्कम नसतो. ‘तेरा’ म्हणजे मंदिर हा भाग उजवीकडे ठेवून डावीकडे सूर्य, हात किंवा माणूस जोडला की वेळ, धरणे आणि सामुराई या कांजी मिळतात आणि तिन्हींचा उच्चार ‘जि’ होतो. पण वाणीचे अंग जोडले की ‘शि’ म्हणजे कविता, पावलांचे अंग जोडले की ‘ताइ’ म्हणजे थांबून वाट पाहणे, आणि गाईचे जोडले की ‘तोकु’ म्हणजे विशेष. म्हणून उच्चार हा साक्षीदार म्हणून घ्यावा, निकाल मात्र अंगानेच द्यावा.

खरी परीक्षा घेतात त्या गर्दीच्या कांजी, जिथे फरक आतल्या कोपऱ्यात दडलेला असतो. ‘हाकेन’ म्हणजे पाठवणे यातला ‘केन’ आणि ‘इसान’ म्हणजे वारसा यातला ‘इ’ लांबून अगदी एक वाटतात; दोन्हींना डावीकडून खाली वळणारे चालण्याचे अंग आहे. वारशाच्या कांजीत पोटाशी शिंपला आहे, आणि शिंपला म्हणजे कांजीच्या जगात धन, हे लक्षात ठेवले की ती जोडी सुटते. ‘बिम्यो’ म्हणजे सूक्ष्म छटा यातला ‘बि’ आणि ‘तोकुचो’ म्हणजे वैशिष्ट्य यातला ‘चो’ यांत मध्यभागी वर डोंगर आहे. डोंगराखाली राजाचे चिन्ह असेल तर ती ‘चो’. ‘त्सुना’ म्हणजे दोर आणि ‘आमि’ म्हणजे जाळे यांचे डावे धाग्याचे अंग समान, उजवी चौकटही समान. चौकटीच्या आत डोंगर असेल तर दोर, आणि नाश पावणे या अर्थाचे चिन्ह असेल तर जाळे. धाग्याऐवजी धातूचे अंग लावून आतला डोंगर तसाच ठेवला तर पोलाद होते, आणि दोर व पोलाद दोन्हींचा चिनी वळणाचा उच्चार ‘को’ आहे. ‘कांपेकि’ म्हणजे परिपूर्ण हा शब्द लिहिताना जपानी माणसेही चुकतात, कारण त्यातल्या ‘पेकि’च्या पायाशी रत्न हवे आणि हात सवयीने माती लिहितो, जी भिंतीच्या कांजीत असते.

मी हे सारे शब्दांनी सांगण्यावर एवढा भर देतो त्याचे एक कारण असे की खुद्द जपानी लोक तेच करतात. दूरध्वनीवर नाव सांगताना कांजी दाखवता येत नाही, म्हणून ‘तीन रेघांची नदी’ असे सांगून ‘कावा’ या उच्चाराच्या दोन कांजींमधली नेमकी कोणती ते स्पष्ट केले जाते. ‘ताकाहाशि’सारख्या आडनावातील ‘ताका’ची दोन रूपे चालतात, त्यांतल्या ज्या रूपात मधल्या तोंडाच्या चौकोनाऐवजी शिडीसारखा आकार आहे त्याला ‘हाशिगोदाका’, म्हणजे शिडीवाले ‘ताका’, असे बोलीतले नावच आहे. एखादी कांजी पटकन आठवली नाही की अनेक जण हवेत किंवा तळहातावर बोटाने ती लिहून पाहतात. या सवयीला ‘कूशो’ म्हणतात, आणि विद्यार्थ्याने ती निःसंकोच उचलावी. हात हलला की रेघांचा क्रम आणि दिशा जागी होते. काताकाना या जपानी उच्चारलिपीतील ‘शि’ आणि ‘त्सु’ या जोडीचा उलगडाही दिशेनेच होतो : ‘शि’च्या दोन छोट्या रेघा डावीकडे एकीखाली एक येतात आणि मोठी रेघ खालून वर जाते, तर ‘त्सु’च्या छोट्या रेघा वरच्या बाजूला शेजारी शेजारी येतात आणि मोठी रेघ वरून खाली उतरते.

अभ्यासाच्या क्रमाबद्दल माझे एक ठाम मत आहे. सारख्या दिसणाऱ्या दोन नव्या कांजी एकाच दिवशी शिकू नयेत. दोन्ही कच्च्या असताना त्या एकमेकींवर चढतात आणि पुढे कोणती कोणाची हे सुटत नाही. एक कांजी आधी तिच्या नेहमीच्या शब्दांसह पक्की करावी, ती हाताखालून सहज उतरू लागली की दुसरी घ्यावी, आणि त्या दिवशी मात्र दोघींना शेजारी मांडून फरकाचे एक वाक्य वहीत लिहावे. ते वाक्य स्वतःच्या शब्दांत असावे, आणि शक्यतो ‘असेल तर’ या वळणाचे असावे. ‘वरची लांब असेल तर शेवट’ हे वाक्य पुढच्या वेळी आपोआप तपासणी करते. ‘या दोन सारख्या दिसतात’ अशी नोंद काहीच करत नाही. उजळणीच्या अॅपमध्येही मी सुटी कांजी न ठेवता पूर्ण शब्द ठेवतो, कारण वाचनात कांजी बहुतेक वेळा शब्दाच्या सोबतीनेच भेटते आणि ‘शूमात्सु’मध्ये ‘मि’ बसूच शकत नाही हे कानालाही कळते.

शब्दांचा हा आधार संपतो तो नावांपाशी. वर गवताचे अंग आणि खाली शरद ऋतूची कांजी म्हणजे ‘हागि’ हे फुलझाड; वर तेच गवत, पण खाली डावीकडे पशूचे अंग आणि उजवीकडे अग्नी म्हणजे ‘ओगि’ हे उंच गवत. यामागुची प्रांतातले हागि शहर पहिल्या कांजीने लिहितात, तोक्योतले ओगिकुबो दुसऱ्या कांजीने, आणि हागिवारा व ओगिवारा ही दोन्ही आडनावे प्रत्यक्षात आढळतात. कागदावर फक्त आडनाव असेल तर मागचापुढचा संदर्भ काहीही सांगत नाही. तिथे गवताखाली शरद आहे की पशू, एवढे पाहूनच हाक मारावी लागते. आणि हे पाहणे किती बारीक होऊ शकते याचे टोक म्हणजे ‘काकि’ आणि ‘कोकेरा’. काकि हे फळ, नऊ रेघांचे, ज्याच्या उजव्या भागात वर एक छोटी रेघ येते, मग आडवी, आणि मग खालच्या चौकटीतून उतरणारी स्वतंत्र उभी रेघ. कोकेरा म्हणजे लाकडाचे छिलके, आठ रेघांचे, ज्यात तीच उभी रेघ वरपासून खालपर्यंत न तुटता सलग जाते. नव्या नाट्यगृहाच्या पहिल्या प्रयोगाला ‘कोकेरा ओतोशि’ म्हणतात तो या दुसऱ्या कांजीने लिहितात, आणि बारीक छपाईत त्या दोघी इतक्या एकरूप दिसतात की उभी रेघ सलग आहे का तुटक, हे भिंगाखाली धरूनच ठरवावे लागते.